बाहुल्याला पाय

१३ जानेवारी

करार झाला! सकाळपासून सही केलेल्या पानाचा फोटो किती वेळा उघडून पाहिला, सांगायची लाज वाटते. आमचा सौंग कायू म्हणजे बांडुंगमधल्या चिगाडुंगच्या चढावरच्या भाड्याच्या घरातला नऊ जणांचा स्टुडिओ. आजवर आम्ही दुसऱ्यांच्या व्हिडिओ गेमसाठी झाडं, दगड आणि कौलं काढून देत आलो. आता पहिल्यांदाच आमचा स्वतःचा खेळ होणार, आणि तो बाजारात आणणार नेदरलँड्समधली कंपनी. आईला सांगितलं तर म्हणाली, "पुन्हा डचच का? साडेतीनशे वर्षं आपल्यावर राज्य केलं ते पुरलं नाही होय?"

कांग कोस्वारांनी तुंपेंग मागवला होता. पिवळ्या भाताचा चांगला हातभर डोंगर, भोवती कोंबडी, अंडी, तळलेलं सोयाबीनचं तेंपे. (कांग आमचे मालक, पण मालक म्हटलेलं त्यांना खपत नाही. कांग, म्हणजे दादा, म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.) डोंगराचं टोक मानाचं, ते कोणाला देतात म्हणून सगळे टक लावून बसलेले. कांगनी टोक कापलं आणि बशी थेट माझ्या लॅपटॉपसमोर धरली. "पहिला मान पाहुणीचा!" पडद्यावर फेमके होती. कंपनीतर्फे आमचा खेळ तीच बघणार आहे. ती म्हणाली, "आता हे मी खाऊ कसं?" शेवटी तिच्या वतीने तो घास ओपिकने खाल्ला. ओपिक आमचा मुख्य प्रोग्रामर. खाण्याच्या बाबतीत तो कोणाचाही प्रतिनिधी व्हायला तयार असतो.

खेळ आहे उजो नावाच्या लाकडी गोलेक बाहुल्याचा. त्याला नाचवणारा म्हातारा एक दिवस पेटी मागे ठेवून निघून जातो आणि उजो त्याला शोधायला बाहेर पडतो. गोलेकला कमरेखाली काही नसतं. नुसतं सारोंगचं कापड, आत दांडी, आणि दांडी धरणारा हात. हात गेला म्हणून उजो दांडीवर टुणटुण उड्या मारत डोंगर उतरतो. कांगचे वडील बाहुले कोरायचे. त्यांनी कोरलेला शेवटचा बाहुला कांगच्या टेबलावर असतो, उजोचं तोंड त्याच्यावरूनच घेतलंय.

जेवताना कांग म्हणाले, "नेंग इमास, इंग्रजी तुझ्याकडे. मी तिचं पहिलं वाक्य पकडेपर्यंत ती बाई चहा पिऊन मोकळी होते. आणि जरा फटकळच दिसते. तू मध्ये बस." (नेंग म्हणजे धाकटी बहीण.) त्यांनी झाडं-दगडांची सगळी कामं बंद केलीत. हा खेळ तरला तरच सौंग कायू तरेल. मी हसून हो म्हटलं.

२८ जानेवारी

फेमकेशी पहिलं कामाचं बोलणं झालं. कांग शेजारी बसून हसतमुखाने मान डोलावत होते.

फेमके नमस्कार-चमत्कार न करता सुरूच झाली. "बाहुल्याला पाय का नाहीत? मी सारखी पाय शोधते."

मी कांगना सांगितलं, तसे ते खो खो हसले. "गोलेकला पाय? मग हात काय नाकातून घालायचा? सांग तिला, पायच असते तर आमच्या बापजाद्यांनी बाहुले कशाला केले असते, माणसंच नाचवली असती!"

पहिल्याच भेटीत पाहुणीला असं कसं सांगायचं? तिला अडाणी ठरवल्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, "कांग म्हणतात, फार चांगला मुद्दा आहे. आम्ही नक्की विचार करू."

तिने काहीतरी लिहून घेतलं.

मग कांगनी विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, "बाहुला अगदी निरखून बघितलाय तिने." कांग खूश. फेमकेही खूश दिसली. मला हे जमतं. आत्या म्हणायची, इमासच्या जिभेला हाडही नाही आणि काटाही नाही.

९ मार्च

दुसऱ्या टप्प्यावर फेमकेचं मत आलं. "नदीचा भाग रटाळ आहे. मला झोप आली. अर्धा काढून टाका." असं तोंडावर बोलतात ही माणसं! नदीचा भाग आमच्या रेंगानिसने चितारलाय. पोर दोन महिने त्या पाण्यावर मान मोडून बसली होती.

मी रेंगानिसला म्हटलं, "नदी तिला शांत वाटली. थोडी गंमत घातली तर आणखी रंगेल."

रेंगानिसने काठावर कोंबड्या घातल्या. सुंदर कोंबड्या. एक तर उजोला बघून अंडं टाकून पळते. आम्ही सगळे पोट धरून हसलो.

१७ मार्च

फेमके म्हणाली, "मी अर्धी नदी काढायला सांगितली होती. ही तेवढीच आहे, वर कोंबड्या."

मी म्हटलं, काम चालू आहे. ती म्हणाली, "इमास, तुम्हाला नदी ठेवायची असेल तर तसं सांग. मी भांडेन, तुम्ही भांडा, मग ठरवू." भांडायचं म्हणे! जणू चला जेवायला बसू. मी हसून विषय बदलला. कांगनी विचारलं तर म्हटलं, कोंबड्या लक्षात राहिल्या तिच्या. हे तर खरंच होतं.

२२ एप्रिल

आज मन थाऱ्यावर नाही.

कंपनीला खेळ सप्टेंबरअखेर हवाय, नाताळच्या आधी बाजारात आणायला. फोनच्या आधी मी ओपिकला विचारलं होतं. तो कीबोर्डवरून मान न उचलता म्हणाला, "सप्टेंबर? तेह, आम्ही सगळ्यांनी बायका-पोरं गावाला पाठवून इथेच अंथरूण टाकलं तरी जानेवारी." (तेह म्हणजे ताई. पोरं मला तेच म्हणतात.)

फोनवर फेमकेने विचारलं, "सप्टेंबर जमेल?"

मी म्हटलं, "अल्लाच्या कृपेने आम्ही जिवापाड प्रयत्न करू."

"हे हो आहे का?"

आता यावर काय म्हणायचं? जिवापाड प्रयत्न करतो म्हणणाऱ्याला कोणी असं विचारतं का? आमच्याकडे ऐकणाऱ्याला कळलं असतं. मी म्हटलं, "हो, प्रयत्न करू."

"छान. म्हणजे हो." पेनचा आवाज आला. "आणि पायांचं काय?"

मी तर पाय विसरूनच गेले होते. जीभ आपोआप वळली. "चाललंय."

फोन ठेवला. कांगना सांगायलाच हवं म्हणून जेवणाच्या वेळी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. केळीच्या पानातला भात सोडत ते म्हणाले, "नेंग, काल अब्बांच्या कबरीवर जाऊन आलो. म्हटलं, तुमचा बाहुला आता परदेशी चाललाय, बरं का." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी त्यांना सांबालची झणझणीत चटणी वाढली आणि उठले.

६ मे

मार्ग सापडला! कोणाचंही मन न दुखवता.

ओपिक आणि रेंगानिसला बाजूला घेऊन म्हटलं, "कांगच्या मनात उजोला पाय द्यायचेत. पण वडिलांची आठवण आहे ना, त्यांच्या तोंडून निघत नाही. तुम्ही त्यांच्याकडे विषय काढू नका, करून टाका."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. रेंगानिसचा चेहरा उतरला. "पाय? पण तेह, उडीच तर..." मग म्हणाली, "कांगना हवं असेल तर करू या."

ओपिकने डोकं खाजवलं. "सगळ्या पायऱ्या, सगळे पूल उडीच्या मापाचे आहेत. सगळं उकलावं लागेल. पण ठीक आहे, कांगचा शब्द."

मग वर जाऊन कांगना म्हटलं, "पोरांना उजोला पाय लावून बघायची फार हौस आहे. तुम्हाला विचारायला संकोचतात."

कांग बाहुल्याकडे बघत राहिले. त्याचं सारोंग नीट केलं. "पोरं म्हणतात का असं?" म्हणाले. "त्यांचाही खेळ आहे म्हणा. करू दे. मी मध्ये येत नाही."

संध्याकाळी घरी जाताना खूप दिवसांनी हलकं वाटलं. सगळ्यांच्याच मनासारखं झालं.

१८ जून

पाय होतायत आणि सगळं बिघडतंय. उजो पायऱ्यांवर अडखळतो, पुलातून खाली जातो. नदीच्या काठी तर कोंबडीवर पाय देऊन उभा राहतो आणि हलतच नाही. ओपिक आता विनोद करत नाही. मी त्याच्यासाठी तळलेली केळी घेऊन गेले तर म्हणाला, "ठेव, तेह." केळी तशीच राहिली.

कांग पायांचं काम बघायला खाली येत नाहीत. वरून विचारतात, "पोरं खूश आहेत ना?" मी म्हणते, हो.

रेंगानिस विचारते, "कांगना पाय आवडले का?" मी म्हणते, हो.

सगळे किती समजूतदार आहेत, आणि तरी घरात कोणी मेल्यासारखं वाटतं.

२९ जुलै, लेबारानचा दुसरा दिवस

कांगच्या घरी सगळे जमलो. रोजे संपले, ईद झाली. नवे कपडे, पानाच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला केतुपात भात, खोबऱ्याच्या रसातली कोंबडी. मी कांगचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले आणि म्हटलं, "कळत नकळत माझं जे चुकलं असेल ते पोटात घाला."

या दिवशी सगळेच सगळ्यांना हे म्हणतात. काय चुकलं, असं कोणी विचारत नाही. पण मी हात सोडले नाहीत. वाटलं, एकदा विचारावं त्यांनी. नुसतं 'काय गं?' म्हटलं असतं तरी मी सगळं ओकून टाकलं असतं.

कांगनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माझंही पोटात घाल, नेंग. आणि हे काय, ताटात काहीच नाही तुझ्या!"

ताट भरून दिलं. मी खाल्लं. मागे ओपिकची मुलं पाया पडायला रांगेत उभी होती.

७ ऑगस्ट

पायांसकट नवा नमुना पाठवला. फेमकेचं उत्तर एका ओळीचं: "मी बांडुंगला येतेय."

कांग उड्या मारायचेच बाकी आहेत. "बघ! स्वतः येतेय. आवडल्याशिवाय कोणी सातासमुद्रापलीकडून येतं का?" गच्चीची फरशी धुऊन घेतायत.

१९ ऑगस्ट

हे आजच लिहायला हवं, उद्या मी यातलं काहीतरी गोड करून टाकीन.

फेमके आली. माझ्याहून वीतभर उंच, नाक सर्दीने लाल. सांबालने डोळ्यांत पाणी आलं तरी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ओपिक, रेंगानिस आणि बाकीचे खाली कामाला बसले. वर कांगच्या खोलीत आम्ही तिघंच. तिने टेबलावरचा बाहुला पाहिला, विचारून उचलला. कांगनी तिचा हात धरून सारोंगच्या आत दांडीवर नेला. बाहुल्याने मान वळवून तिच्याकडेच बघितलं आणि ती लहान मुलीसारखी ओरडली.

मग एकदम थांबली. बाहुला तसाच हातात. "म्हणजे पाय म्हणूनच नाहीत. इथे हात असतो." तिने माझ्याकडे बघितलं. "मग पाय कोणी मागितले?"

मी म्हटलं, "तू."

"मी? मी विचारलं होतं, पाय का नाहीत. मला उत्तर हवं होतं, इमास. पाय नको होते." तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "ती उडी बघून तर मी हा खेळ घ्यायला लावला. नव्या नमुन्यात नुसता एक माणूस चालतोय."

कांग दोघींकडे आळीपाळीने बघत होते. "काय म्हणते?"

मी म्हटलं, "म्हणते, बाहुला फार सुंदर आहे. आणि... जुनी उडीही छान होती."

कांगचा चेहरा असा फुलला की माझ्याच्याने बघवेना. "तिलाही? नेंग, मलाही! मी पोरांसाठी गप्प होतो. सांग तिला, पाय काढतो. पण उड्या परत बसवायच्या तर जानेवारी. त्याआधी नाही म्हणजे नाही. हे मात्र तिला स्पष्ट सांग हं, गोलमाल नको."

ते स्वतः म्हणाले. स्पष्ट सांग म्हणाले. एवढं सोपं वाक्य होतं, जानेवारी, त्याआधी नाही. शाळेतल्या पोरीला येईल एवढं इंग्रजी. फेमके नाक पुसत, बाहुला छातीशी धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. इतक्या लांबून आलेली, आमच्या घरात बसलेली, आमचं मीठ खाल्लेली बाई.

मी म्हटलं, "पाय काढू. सप्टेंबर जरा अवघड आहे, पण..."

"पण काय? सप्टेंबर, हो की नाही? मला परत जाऊन एक तारीख सांगायचीय."

तोंड उघडं होतं माझं. 'नाही' ओठांवर होतं. देवाशपथ होतं. ते निघेचना. मी मान हलवली. हो अशी.

फेमकेने डोळे मिटले आणि उघडले. "ठीक आहे," म्हणाली.

"मानलं ना तिने?" कांग म्हणाले. मी म्हटलं, मानलं.

ती गेल्यावर कांग खाली पोरांची समजूत घालायला गेले. मी जिन्यात उभी होते. "वाईट वाटून घेऊ नका रे, पाय काढावे लागतील," म्हणत होते. ओपिक नि रेंगानिस त्यांच्याकडे बघतच राहिले. मग रेंगानिस म्हणाली, "नाही वाटणार, कांग. तुम्हीच वाईट वाटून घेऊ नका."

२ सप्टेंबर

ओपिक पाय काढतोय. उजो पुन्हा पहिली उडी मारायला लागला, पण पुलांवर नाही. सगळे खुशीत काम करतायत. जानेवारी आहे म्हणून. मला रोज वाटतं, फेमकेला फोन करावा. रोज फोन हातात घेते. नंबर लावते, मग ठेवून देते. काय सांगू? मी जे हो म्हटलं ते नाही होतं? मग आधीची सगळी हो?

२९ सप्टेंबर

कंपनीने खेळ सोडला.

मी वऱ्हांड्यात फोन घेतला. फेमके म्हणाली, "माझ्याकडे दाखवायला काही नाही, इमास. वरच्यांना मी सप्टेंबर सांगितलं, कारण तू मला सप्टेंबर सांगितलंस. जानेवारी सांगितलं असतंस तर मी जानेवारीसाठी त्यांच्याशी भांडले असते. मिळवलंही असतं. आता माझा शब्द तिथे कोणी ऐकत नाही." मग म्हणाली, "तुम्ही सगळे इतके चांगले आहात. मला अजून कळत नाही, झालं काय."

मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, आम्ही ठीक आहोत.

आत आले. कांगनी माझ्याकडे बघूनच ओळखलं. मी म्हटलं, "त्यांच्या कंपनीत अडचणी आहेत. आपल्या कामाबद्दल तक्रार नाही."

कांग खुर्चीत बसले. बराच वेळ बाहुल्याचं सारोंग नीट करत राहिले. मग म्हणाले, "तक्रार नाही ना? मग झालं. अब्बांना तोंड दाखवता येईल."

१८ ऑक्टोबर

आज सौंग कायूचं दार लागलं. खुर्च्या, पडदे, तारा गेल्या. कांगनी तरीही तुंपेंग मागवला. "येताना देवाचे आभार मानले, मग जाताना का नाही?" रिकाम्या खोलीत चटईवर नऊ जण, मध्ये पिवळा डोंगर.

कांगनी टोक कापलं. या वेळी बशी फिरली ती माझ्याकडे.

"हा मान इमासचा," म्हणाले. "परक्यांशी काम करायचं म्हणजे सोपं नाही. पण नऊ महिन्यांत या घरात एक वाईट शब्द आला नाही. कोणी कोणाचं मन दुखवलं नाही. ते हिच्यामुळे."

बशी माझ्या हातात होती. आता नाही तर कधीच नाही, असं झालं. मी म्हटलं, "कांग, ते पाय..."

"जाऊ दे गं पायांचं!" कांग हसले. "मला नव्हते आवडले, आता सांगतो. पण पोरांची हौस होती."

ओपिकचा घास हातातच राहिला. "आमची?"

रेंगानिसने मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पाहिलं, ओपिकच्या डोक्यात एकेक गोष्ट जागच्या जागी बसत गेली. मे महिन्यात मी बाजूला घेऊन सांगितलेलं, कांगनी घातलेली समजूत, सगळं. त्याचे कान लाल झाले. तीन महिने रात्रंदिवस त्याने ते पाय बसवले होते, आणि दीड महिना काढले. मला वाटलं, आता बोलेल. बोल बाबा. सगळ्यांसमोर ओरड माझ्यावर. मी देवाकडे तेवढंच मागत होते.

ओपिकने घास खाली ठेवला. हात पुसला.

"हो कांग," म्हणाला. "आमचीच हौस होती. आमचं चुकलं."

"आमचंच," रेंगानिस म्हणाली. ती रडत होती, पण सगळेच रडत होते, त्यामुळे कांगना काही वाटलं नाही.

मग ओपिकने कोंबडीचा चांगला मोठा तुकडा उचलून माझ्या बशीत ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "जेव, तेह. गार होतंय."

मी जेवले.